चैत्रगौरीचं हळदीकुंकू घरीच करायचंय, पन्नासेक जणी, टू बीएचके, सल्ले हवेत

अबोली:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही डोंबिवलीतच पण दुसऱ्या सोसायटीत राहायला आलो. वास्तुशांत घरच्या घरी उरकली, कुणाला बोलावणं झालंच नाही, आणि आता लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या बायकांशी नुसती हसण्यापुरती ओळख आहे. म्हणून यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू जरा मोठं करायचं ठरवलंय, म्हणजे आमच्या विंगमधल्या सगळ्या, जुन्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणी, ऑफिसातल्या काहीजणी आणि नात्यातल्या, अशा पन्नास तरी होतील. गौर सासूबाईंची आहे, अन्नपूर्णेची छोटी पितळी मूर्ती आणि तिचा पाळणा, ती तृतीयेला बसेलच. हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी.

हॉल फार मोठा नाही. केटरर नको, आंबेडाळ आणि पन्हं घरचंच हवं असं सासूबाईंचंही म्हणणं आणि माझंही. तर पन्नास जणींना डाळ किती भिजवायची, पन्ह्याला कैऱ्या किती, एवढ्या उन्हाळ्यात डाळ संध्याकाळपर्यंत टिकते का, बसवायचं कसं आणि ओटीत हरभऱ्यांशिवाय काय द्यायचं? अजून एक प्रश्न आहे पण तो नंतर विचारते, आधी खाण्यापिण्याचं बोलू.

कैरीची_फोड:
अबोली, वा, नवीन जागेत आल्यावर चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे ओळखी व्हायला सगळ्यात छान निमित्त. जेवणावळ नाही, बायका पंधरा-वीस मिनिटं बसतात, थंड काहीतरी पितात, गप्पा होतात आणि घरं जोडली जातात.

डाळीचं सांगते. हरभऱ्याची डाळ भिजली की वजनाला साधारण दुप्पट होते. एक किलो डाळ घेतलीस तर भिजून दोन किलोच्या आसपास, त्यात कैरीचा कीस आणि खोबरं धरून अडीच किलोच्या वर जाते. प्रत्येकीला पन्नास ग्रॅम म्हणजे छोटी वाटी धरलीस तर पन्नास जणींना पुरते, पण घरचे, मुलं आणि परत मागून घेणाऱ्या असतातच त्यामुळे तू सव्वा ते दीड किलो भिजव. चार-पाच तास पुरे, रात्रभर भिजवू नकोस, रात्रभर भिजली की उन्हाळ्यात तिला वास यायला लागतो.

खरी गोम निथळण्यात आहे. भिजलेली डाळ चाळणीत घालून अर्धा तास ठेव, मग एका पंचावर पसर. मिक्सरला पाण्याचा थेंब न घालता, थोडी थोडी, थांबून थांबून फिरव. हातात घेतली की मोकळी पडली पाहिजे आणि दाताखाली कणी लागली पाहिजे, पेस्ट झाली की ती चटणी, डाळ नाही. किलोला अर्धा-पाऊण किलो कैरी, कैरीच्या आंबटपणावर अवलंबून. तोतापुरी घेऊ नकोस, ती पुरेशी आंबट नसते, गावठी हिरवीगार आणि टणक बघून घे. कैरी किसून आधी थोडीच घाल, चव बघ, मग वाढव. मिरच्या वाटून, मीठ, चिमूटभरापेक्षा जरा जास्त साखर, एक मोठा नारळ, भरपूर कोथिंबीर. फोडणी तेल सढळ हाताने घेऊन मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्यांची, आणि ती पूर्ण गार झाल्यावरच डाळीवर ओतायची. गरम फोडणी घातली की खोबरं लवकर उतरतं.

टिकण्याचं म्हणशील तर सकाळी दहाला भिजव, तीनला वाट, वाटलेली डाळ लगेच फ्रीजमध्ये. कैरी, खोबरं आणि फोडणी पाहुण्या यायच्या आधी तासभर घालायची, तीसुद्धा दोन हप्त्यांत, निम्मी डाळ फ्रीजमध्येच राहू दे. एप्रिलमध्ये खोबरं घातलेली कच्ची डाळ बाहेर दोन-अडीच तासांच्या वर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, लोकांना घरी बोलावून त्यांच्या पोटाशी खेळायचं नाही.

सह्यकडा:
पुरुष आयडी असून बोलतोय पण आमच्याकडे दरवर्षी पन्हं माझ्याकडे असतं म्हणून लिहितो. एक किलो कैऱ्या, कुकरला दोन-तीन शिट्ट्या, गार झाल्या की सालं काढून गर हाताने मोकळा करायचा, कोयीला चिकटलेला खरवडून घ्यायचा, चाळणीतून काढला की दोरे राहत नाहीत. गर जितका निघेल त्याच्या दुप्पट चिरलेला गूळ, थोडं मीठ, वेलची, केशर. गर गरम असतानाच गूळ घातला की आपोआप विरघळतो. हा घट्ट बलक काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये चार-पाच दिवस मस्त राहतो म्हणजे हे काम मंगळवार-बुधवारी उरकून टाका. आयत्या वेळी एक वाटी बलकाला तीन ते चार वाट्या गार पाणी. एक किलो कैरीत दीडशे मिलीचे चाळीस-पंचेचाळीस ग्लास होतात. पन्नास जणी आणि घरचे धरले तर दीड किलो कैरी घ्या. बर्फ पिण्याच्याच पाण्याचा करा, दोन दिवस आधीपासून ट्रे रिकामे करून पिशवीत साठवत जा.

गूळ की साखर यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. मी गुळाच्या बाजूचा. चव खोल लागते, रंग थोडा काळपट येतो तो येऊ दे.

आणि अबोलीताई, त्या दिवशी घरातल्या पुरुषांना बाहेर पाठवून देऊ नका. दारात चपला लावणं, ग्लास विसळणं, लिफ्टपाशी आजीबाईंना हात देणं, पंखा, पाण्याची टाकी, ही सगळी कामं आम्हाला जमतात आणि करावीत. यजमानीण स्वयंपाकघरात अडकली तर आलेल्या बायका भेटायला आल्या कुणाला?

अबोली:
कैरीची_फोड, सगळं लिहून घेतलं, फोडणी गार करायचं तर आमच्याकडे कुणी करतच नाही, यंदा करणार. सह्यकडा, तुमचा मेसेज नवऱ्याला दाखवला, पन्हं त्याने घेतलं अंगावर.

इंद्रायणीकाठ:
बसवण्याचं आणि आराशीचं मी सांगते, माझ्या माहेरी पुण्यात हे हळदीकुंकू पाहतच मोठी झाले. पन्नास म्हणजे एका वेळी पन्नास नाहीत गं. साडेपाच ते साडेआठ सांगितलंस तर एका वेळी बारा-पंधराजणी असतात, फार तर वीस. सोफा आणि सेंटर टेबल एका बेडरूममध्ये ढकल, हॉलमध्ये भिंतीकडेने सतरंज्या आणि तक्के घाल, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी सहा-सात खुर्च्या. खुर्च्या एका कोपऱ्यात वेगळ्या लावू नकोस, सतरंजीच्या ओळीतच मधून मधून ठेव म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बाजूला टाकल्यासारखं वाटत नाही.

गौरीला दारासमोरची भिंत. पायऱ्यांसाठी घरातले धान्याचे डबे उतरत्या उंचीने लावून वर जुनी जरीची साडी, निऱ्या पुढे येतील अशी. सर्वात वर गौरीचा पाळणा, खाली करंज्या, लाडू, फळं, कैरीचा घोस, कोरलेलं कलिंगड. कलिंगडाची पाकळी-पाकळीची वाटी कोरायला अर्धा तास लागतो, मुलांना लावा. थर्माकोलचं मखर नको, राज्यात २०१८ पासून त्याच्यावर बंदी आहे आणि साडीच्या पायऱ्यांसमोर ते तसंही फिकं दिसतं. दारात चैत्रांगण काढ. गौरीचं पाऊल, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, कमळ, गोपद्म, कासव, नाग, तुळशीवृंदावन, गुढी, आंबा, केळीचं झाड, फणी-करंडा, आरसा, जेवढं येईल तेवढं. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये जागा कमी असते, तर गेरूने पाट सारवून त्यावर काढ, तो पाट वर्षानुवर्षं ठेवता येतो.

आणि एक गोष्ट आता फार घरांतून गेली ती तू आवर्जून कर. सहाण-खोडाने गंध उगाळून वाटीत ठेव, आलेल्या प्रत्येकीच्या तळहाताला लाव आणि ओल्या गंधावर शिंपल्याच्या कडेने रेघा ओढ. बाहेर उन्हाची तलखी असते, तो हात गार पडतो आणि चंदनाचा वास घरी जाईपर्यंत राहतो. मग गुलाबपाणी, अत्तर, मोगऱ्याचा गजरा. उन्हातून आलेल्या माणसाला आधी थंड करायचं, या हळदीकुंकवात सगळं त्यासाठीच असतं, पन्हंसुद्धा, कलिंगडसुद्धा. विकतचं गंध पावडरचं असतं, त्याला थंडावा नसतो, तेवढं उगाळच.

शिप्रा_इंदूर:
इंदूरला आमच्या मराठी घरांमध्ये चैत्रगौर अगदी जोरात असते. इथे त्याच सुमारास गणगौर असते, ती चैत्र शुद्ध तृतीयेला संपते आणि आपली त्याच दिवशी बसते. त्यामुळे शेजारच्या मारवाडी वहिनी आमच्याकडे पन्हं प्यायला येतात आणि त्यांच्या गणगौरीला आम्ही जातो. अबोली, तुमच्या विंगमध्ये अमराठी बायका असतील तर त्यांना नक्की बोलवा, आणि काय आहे ते बोलावतानाच दोन वाक्यात सांगा. नाहीतर त्यांना वाटतं हे फक्त तुमच्या लोकांचं आहे, आणि त्या नुसतं हो हो म्हणून येत नाहीत.

कृष्णाकाठची:
शिप्राशी सहमत. आमच्याकडे बेळगाव-धारवाडच्या बाजूला तर कन्नड घरांतही चैत्रात गौर असते, कोसंबरी आणि पानक देतात, कोसंबरी म्हणजे आपल्या डाळीची बहीणच समजा. माझ्या सोसायटीतल्या कन्नड काकू दरवर्षी मुगाच्या डाळीची कोसंबरी घेऊन येतात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. कुणी काही घेऊन येते म्हणाली तर नको म्हणू नका, तिला त्या घरात हक्काने वावरता येतं त्याने.

मॅपल:
मी टोरांटोहून. इथे चैत्रात कधीकधी बर्फ असतो, मोगरा नाही, पण इंडियन स्टोअरमध्ये कैऱ्या आणि फ्रोझन खोबरं मिळतं त्यामुळे डाळ अगदी घरच्यासारखी होते. आम्ही पन्हं थंड न देता साध्या तापमानाचंच देतो. इथे ज्या मुली शिकायला नवीन आलेल्या असतात त्यांना मुद्दाम बोलावते, लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या. घर सोडून आलेल्या पोरींच्या डोळ्यात गौरीची आरास बघून जे येतं ना, त्यासाठी मी ती आरास मांडते.

कैरीची_फोड:
गजऱ्यांचं राहिलं. पन्नास गजरे दारातल्या फुलवालीकडे ऐनवेळी मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव लावते. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून दादरच्या फूलबाजारात गेलात तर वजनावर मोगरा मिळतो. बंद कळ्या घ्या, फुललेली नको. ओल्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. दुपारी चारला बाहेर काढा आणि दोघीतिघींनी बसून ओवा, सहा वाजता कळ्या उमलायला लागतात आणि हॉलभर वास. जास्वंद, झेंडू काही लागत नाही मग.

अबोली:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आता तो राहिलेला प्रश्न.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहतात. आम्ही राहायला आलो त्या दिवशी दार उघडून पहिला चहा त्यांनीच आणून दिला, माझ्या मुलीला शाळेच्या बसवरून दोनदा तीनदा त्यांनीच आणलंय. त्यांचे मिस्टर मागच्या पावसाळ्यात गेले. मी यादी करत होते तेव्हा त्यांचं नाव पहिलं लिहिलं, सासूबाईंनी यादी वाचली आणि गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, अगं त्यांनाच अवघड होईल, बाकीच्या बायका काय म्हणतील, त्यांना नंतर घरी डाळ नेऊन देऊ. सासूबाई वाईट नाहीत, खरंच मायाळू आहेत, काकूंच्या मिस्टरांच्या वेळी रात्रभर त्यांच्याजवळ बसल्या होत्या. पण मला हे पटत नाहीये. सगळा मजला येणार आणि समोरचंच दार बंद. काय करू?

तुळशीवृंदावन:
अबोली, मी तुझ्या सासूबाईंची बाजू थोडी मांडते, रागावू नकोस. आमच्या पिढीला लहानपणापासून हे सवाष्णीचं म्हणूनच शिकवलं गेलं. त्यात कुणाला कमी लेखायचं आमच्या मनात नसतं, त्या बाईला चारचौघीत दुःख आठवायला नको अशी भावना असते. घरात पहिलंच मोठं हळदीकुंकू आहे, त्यावरून सासूसुनेत दुरावा नको. डाळ-पन्हं आधी गौरीला दाखवून मग स्वतः नेऊन दे त्यांना, तोही मानच आहे.

पंचगंगा:
तुळशीवृंदावन ताई, भावना चांगली असेल, पण दुःख आठवायला नको हे त्या बाईला कुणी विचारलं का कधी? मी कोल्हापूर जिल्ह्यातली. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं ते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एक खेडं ठराव करू शकतं तर टू बीएचकेच्या यादीत एक नाव टिकवायला काय हरकत आहे. अबोली, नाव खोडू नकोस.

इंद्रायणीकाठ:
मी वर परंपरेचं एवढं लिहिलं म्हणून हेही लिहिते. गौर म्हणजे माहेरवाशीण, महिनाभर आईकडे पाळण्यात बसते, आई तिचं कोडकौतुक करते. माहेरच्या दारात लेकीला कुणी विचारत नाही की नवरा आहे का. माझ्या आईकडे शेजारच्या आजी यायच्या, पांढऱ्या केसांच्या, आई त्यांच्या हातालाही गंध लावायची आणि वाकून नमस्कार करायची. तेव्हा कुणी बोललंही असेल, पण आईने ऐकलं नाही.

निशिगंध:
मी इथे वाचायला असते, लिहीत नाही फारसं. या प्रश्नावर लिहिते कारण मी त्या काकूंच्या जागी आहे.

माझे मिस्टर गेल्यानंतर पहिल्या चैत्रात आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. जिन्यातून बायकांच्या बोलण्याचे आवाज येत होते, मोगऱ्याचा वास येत होता आणि मी दाराला आतून कडी लावून टीव्ही मोठा केला होता. रात्री त्या घरची मुलगी वाटीत डाळ घेऊन आली. वाटी चांगली होती, मुलगी चांगली होती. पण त्या वाटीनेच मला कळलं की आता मी बोलावायच्या माणसांतली राहिले नाही, नेऊन द्यायच्या माणसांतली झाले. नवऱ्याचं दुःख मला घरात चोवीस तास असतं, ते तुमच्या हॉलमध्ये येऊन वाढत नाही. उलट तासभर चार बायकांत बसले तर तेवढा तास हलका जातो.

कसं बोलवायचं ते सांगते. ग्रुपवर मेसेज टाकून मोकळी होऊ नको, कारण ग्रुपवरचं बोलावणं आपल्याला लागू आहे की नाही हे आमच्यासारखीला कळत नाही. घरी जाऊन बोलव, बाकीच्या सगळ्यांच्या आधी बोलव. "तुम्ही आलात तर बरं होईल" असं मोघम नको, "काकू, साडेपाचला या, मला मदतीला हव्यात" असं काम सांगून बोलव. काम असलं की बाई अवघडून कोपऱ्यात बसत नाही. त्या नाही म्हणाल्या तर एकदाच परत विचार, तिसऱ्यांदा नको, कुणाकुणाला खरंच यावंसं वाटत नाही आणि तेही ठीक.

आणि आल्यावर हात आखडू नको. कुंकवाचा करंडा पुढे कर आणि लावू का म्हणून विचार. हा प्रश्न सगळ्यांनाच विचार, एकट्या त्यांनाच नाही. हो म्हणाल्या तर लाव, नको म्हणाल्या तर गंध, अत्तर, गजरा, ओटी सगळं बाकीच्यांसारखंच. एखादी वस्तू हळूच वगळली की ती वगळलेली वस्तूच दिसते, बाकी काही दिसत नाही. आणि खास तुमच्यासाठी बघा आम्ही रूढी मोडली, असं भाषण कुणी करू नये, त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत. साधं ठेवा.

कैरीची_फोड:
निशिगंध ताई, वाचून खूप वेळ नुसती बसून होते. आमच्याकडे यंदापासून असंच होईल.

सह्यकडा:
ताई, धन्यवाद. बायकोला आणि आईला दोघींना वाचून दाखवलं.

तुळशीवृंदावन:
निशिगंध, तुमचं वाचलं. माझ्या धाकट्या जावेला मीही अशीच वाटी पाठवत आले इतकी वर्षं, मायेनेच. उद्या फोन करते तिला. अबोली, सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना निशिगंधचं हे लिहिलेलं शांतपणे वाचायला दे.

अबोली:
तेच केलं. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, चल, समोर बोलावणं करून येऊ. आणि स्वतः करंडा घेऊन निघाल्या. काकूंना म्हणाल्या, गंध उगाळायला तुम्ही या, माझे मनगट दुखतं. काकू आधी नाही म्हणाल्या, मग सहाण कोणती आहे विचारलं.

आता ओटीचं सांगा कुणीतरी, दिवस कमी राहिलेत.

कृष्णाकाठची:
हरभरे एक किलो भिजवले की दोन किलोच्या आसपास होतात, मूठभर म्हणजे चाळीस ग्रॅम धरले तर पन्नास जणींना पुरतात. आदल्या रात्री भिजव, सकाळी उपसून पंचावर पसर, कोरडे झाले पाहिजेत, नाहीतर पिशवी ओली होते. डाळीपेक्षा हरभरे जास्त सोशिक असतात, संध्याकाळपर्यंत काही होत नाही, फक्त झाकून कोंडू नकोस.

वाणाच्या वस्तू मात्र आवर. प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, क्लिपा यांनी प्रत्येकीचं घर आधीच भरलंय. त्यापेक्षा जुन्या सुती साड्यांच्या छोट्या पिशव्या शिवून घे, त्यातच हरभरे, एक कैरी आणि गजरा. पिशवी नंतर भाजीला वापरली जाते. आणि डाळ द्यायला पानांचे द्रोण घे, पन्ह्याला घरातले आणि शेजारचे स्टीलचे ग्लास गोळा कर, ग्लास मागायला गेलीस की तिथेही ओळख होते.

गवतीचहा:
मी उशिरा आले धाग्यावर. एकच भर, पाणी. नुसतं साधं पाणी, माठातलं, वाळा घातलेलं, दारातून आल्या आल्या. पन्ह्याची वाट बघत घामेजलेल्या बायका बसून राहतात आणि कुणी पाणी विचारत नाही असं फार ठिकाणी होतं. वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन आदल्या रात्री माठात सोडा. आणि मधुमेहवाल्यांसाठी एक तांब्याभर मठ्ठा किंवा बिनसाखरेचं कैरीचं मीठ-जिरं घातलेलं पाणी वेगळं ठेवा, त्यांना विचारायला संकोच वाटतो.

अबोली:
मंडळी, झालं हळदीकुंकू! कसं झालं ते लिहिते.

डाळ दीड किलोची केली, साडेसातला पहिला हप्ता संपला आणि दुसरा फ्रीजमधून काढला, शेवटपर्यंत ताजी राहिली. पन्हं नवऱ्याने केलं, गुळाचं, आणि प्रत्येकीला विचारून गोड कमी-जास्त करून दिलं. चौथ्या मजल्यावरच्या बंगाली ताई आल्या, त्यांनी पन्हं पिऊन आम पोरा शरबताचं सांगितलं, त्यांच्याकडे कैरी विस्तवावर भाजून घेतात म्हणे. दोन कॉलेजच्या मुली, भाड्याने राहणाऱ्या, दारातूनच चैत्रांगणाचे फोटो काढत होत्या, सासूबाईंनी हात धरून आत बसवलं.

काकू साडेपाचला नाही, पाचलाच आल्या. साधी मोतिया रंगाची साडी. ओट्याशी खाली बसून सहाणेवर गंध उगाळला, एवढं घट्ट आणि मऊ की मी विकतचं आणलं असतं तर लाज वाटली असती. मग हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर वाटी मांडीवर घेऊन बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीचा हात हातात घेऊन गंध लावला, शिंपल्याने रेघा ओढल्या. मुलींच्या हातावर मासे काढले, माझ्या मुलीच्या हातावर कासव. सगळा मजला त्यांच्या हाताखालून गेला. त्यातल्या निम्म्या बायका त्यांच्याशी मागच्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बोलल्या असतील.

सासूबाईंनी करंडा पुढे करून विचारलं, लावू का. काकू म्हणाल्या, हळद लावा. हळद लावली, गजरा स्वतः माळला त्यांच्या, ओटी भरली. कुणीही काही बोललं नाही. एक बाई जरा बघत राहिली होती, तिलाही काकूंनीच गंध लावलं.

निशिगंध ताई, काम सांगून बोलवा हे तुम्ही सांगितलंत म्हणून हे झालं. तुम्ही डोंबिवलीच्या जवळपास असाल तर पुढच्या चैत्रात माझ्याकडे यायचं, आत्ताच बोलावणं करते.

निशिगंध:
येईन. कलिंगड मी कोरेन, मला छान जमतं.

पंचगंगा:
फार आनंद झाला अबोली. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुळशीवृंदावन:
जाऊबाई आल्या होत्या आमच्याकडे, अक्षय्य तृतीयेला. दिवसभर थांबल्या.

शिप्रा_इंदूर:
किती छान! अबोली, त्या बंगाली ताईंची भाजलेल्या कैरीची कृती विचारून इथे टाका ना.

अबोली:
विचारली. कैरी थेट गॅसवर जाळीवर भाजायची, सगळीकडून साल काळं होईपर्यंत आणि आतून मऊ पडेपर्यंत, मग साल काढून गर, त्यात साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना आणि गार पाणी. धुरकट वास येतो, उन्हात प्यायला झकास. हरभरे मात्र बरेच उरलेत, किलोभर तरी असतील, काय करू?

कृष्णाकाठची:
आज उसळ कर. कुकरला मीठ घालून शिजव, तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, कांदा, गोडा मसाला, चमचाभर चिंचेचा कोळ आणि गूळ, वरून खोबरं. निम्मे झिप पिशवीत घालून फ्रीझरला टाक, पुढच्या आठवड्यात मिसळीला चालतात.

कैरीची_फोड:
आणि डाळ उरली असेल तर आजच्या आजच संपव, त्यात थोडं तांदळाचं पीठ, आलं घालून चपटे वडे थाप आणि तळ. कैरीमुळे आंबूस लागतात, सोबत दही. खोबरं घातलेली डाळ असेल तर तेल जरा जास्त तापवून घे, नाहीतर वडे फुटतात.